एर्सिलियाच्या तोंडात गुळाचं पाणी

आमच्या सोकिरा गावात कुणी नमस्कार न करता कुणाच्या घरात शिरलं, तर लोक त्या माणसाला नावं ठेवत नाहीत, त्याच्या आईला ठेवतात. घर रिकामं असलं तरी उंबऱ्यावर थांबायचं, मान लववायची, "दिवस चांगला जावो, सुमर्से" म्हणायचं आणि मग पाऊल आत टाकायचं. निघतानाही तसंच. सुमर्से म्हणजे 'आपण'. नवऱ्याला आम्ही सुमर्से म्हणतो, पाद्रीबाबांना म्हणतो आणि अंगणातली कोंबडी हाकलायची असली तरी सुमर्सेच म्हणतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोटाळा ह्यातूनच झाला.

मी ओतिलिया. गावाच्या वरच्या अंगाला प्राणिबाग आहे, तिच्या तिकीटखिडकीत सव्वीस वर्षं बसले. बाग म्हणजे फार मोठी नाही. चार अस्वलं, थोडी हरणं, माकडं, दोन पुमा आणि डोंगराच्या बाजूला कोंडोरांचा, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या गिधाडांचा, उंच पिंजरा. बघणारे म्हणत की ह्यापेक्षा आमच्या मामाच्या वाडीत जास्त जनावरं आहेत. पण आमच्याकडे पिल्लं जगत. मोठमोठ्या शहरांतल्या बागांत जी जगत नसत, ती आमच्याकडे जगत आणि त्याचं कारण होतं माझी कोमाद्रे एर्सिलिया. तिच्या थोरलीला बाप्तिस्म्याला मी हातांवर धरलं, तेव्हापासून आम्ही कोमाद्रे. हे नातं बहिणीपेक्षा जवळचं असतं आणि त्यात भांडणंही बहिणीपेक्षा जास्त होतात.

एर्सिलिया एकोणिसाव्या वर्षी झाडू मारायला म्हणून आली. आल्या आल्या तिसऱ्या दिवशी एका हरिणीनं पिल्लू टाकलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. हिनं झाडू ठेवला, पाडस अंगावरच्या रुआनाखाली, लोकरीच्या घोंगडीखाली, घेतलं आणि बाटली तोंडाला लावली. ते काही चोखेना. तेव्हा ही त्याच्याशी बोलायला लागली. आपण दूध घ्यावं सुमर्से, आपली आई आज जरा रागावलेली आहे, माझीही असायची, मी सात भावंडांतली पाचवी, आमच्याकडे एक तांबडी गाय होती. पाडसानं तांबड्या गाईपर्यंत ऐकलं आणि चोखायला सुरुवात केली. मला विचाराल तर ते कंटाळून प्यायलं. पण जगलं.

तेव्हापासून बागेत जे जे जन्मलं ते एर्सिलियाच्या बोलण्यावर वाढलं. चष्म्यासारखे पांढरे डाग असलेल्या अस्वलाची जुळी पिल्लं, पुमाचे तीन बच्चे, एक आंधळं माकड. प्रत्येकाला ती जन्मदिवशीच्या संताचं नाव द्यायची आणि प्रत्येकाला गावातल्या सगळ्या बातम्या सांगायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाची गाय व्याली, कुणाची सून माहेरी गेली, हे आमच्या अस्वलांना पाद्रीबाबांच्या आधी कळे. आमच्या भागातली माणसं मुळात कमी बोलणारी. गावाच्या वाट्याचं सगळं बोलणं देवानं एकट्या एर्सिलियात भरलं असावं. तिचा नवरा मिसाएल खोगिरं शिवायचा आणि दिवसातून दहा शब्द बोलायचा. त्यातले सहा जेवणाबद्दल असत.

आता फिदेलाचं सांगते. फिदेला ही कोंडोराची मादी, आमच्याच बागेत अंड्यातून निघाली आणि एर्सिलियाच्या मांडीवर मोठी झाली. त्या वेळी कुणाला काही नियम ठाऊक नव्हते. दीड वर्षानं तिला वर पारामोवर, जिथं नुसतं धुकं आणि गवत असतं तिथं, सोडून द्यायचं ठरलं. मेयर आले, बँडवाले आले, शाळेला सुट्टी मिळाली. फिदेला उडाली आणि सगळे रडले. नवव्या दिवशी ती खालच्या एका वाडीत, एका स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत या म्हणण्याची वाट बघत होती, असं तिथली बाई सांगायची. पहिल्या घरी तिला पाव मिळाला, दुसऱ्या घरी दगड. पंख मोडला. ती ट्रकमधून परत आली ती कायमची, पुन्हा काही नीट उडाली नाही. एर्सिलिया त्या दिवशी माझ्या खिडकीशी आली आणि एकच वाक्य बोलली. "माणसं चांगली असतात असं मी तिला शिकवलं, कोमाद्रे." आणि मग दोन दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. अस्वलंसुद्धा अस्वस्थ झाली.

फिदेला पिंजऱ्यात मोठी झाली, तिला जोडीदार मिळाला आणि दहाव्या वर्षी तिनं अंडं घातलं. कोंडोर दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालतात, त्यामुळे बागेत लग्नघराची गडबड उडाली. पण फिदेला काय करायची, एर्सिलियाचा आवाज लांबून जरी ऐकू आला तरी अंड्यावरून उठून जाळीशी यायची. एर्सिलिया बोलते आहे म्हणजे दिवसभर बोलते आहे. अंडं थंड पडलं. आत पिल्लू होतं, मेलेलं. ते अंडं गेलं म्हणून महिनाभरानं फिदेलानं दुसरं घातलं, आणि तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई यामीले ह्यांनी ते अंडं सरळ उचलून ऊब देणाऱ्या पेटीत ठेवलं.

यामीलेबाई बुकारामांगाच्या. तिकडची माणसं बोलतात तेव्हा समोरच्याला वाटतं आपण काहीतरी चोरलं. मनानं मात्र सोन्यासारखी. तिनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे पिल्लू पारामोवर जाणार आणि तिथंच राहणार. त्यानं माणूस बघायचा नाही, माणसाचा आवाज ऐकायचा नाही. लाकडी भिंतीला एक भोक असेल, भोकातून हात आत जाईल, हातावर कोंडोरिणीच्या डोक्याची बाहुली असेल आणि ती बाहुली भरवेल. हात कुणाचा, एवढंच ठरायचं होतं.

एर्सिलियानं हात वर केला. मी हसले, अस्वलांकडचा माणूस हसला आणि डॉक्टरीणबाई हसली नाही. ती म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला तोड नाही. पण तुमच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?"

"मीच लावीन. ह्याच्या आईचं आयुष्य माझ्या तोंडानं खाल्लं. ह्याचं नाही खाणार."

अट अशी ठरली की एक शब्द जरी आत गेला, तरी एर्सिलिया त्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. गावात ही बातमी गेली आणि जो तो येऊन मला खिडकीत विचारू लागला की अजून आहे का ती आत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं बेकरीवाली म्हणाली, आणि खरं सांगते, मीही तेच म्हणत होते.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. दार उघडलं आणि उंबऱ्यावर हिच्या तोंडून निघालंच, दिवस चांगला जावो, सुमर्से. आत नुसतं अंडं होतं. डॉक्टरीणबाई मागेच उभी. ती म्हणाली की अंड्यातलं पिल्लू ऐकतं, पण अजून ते जन्मलेलं नाही म्हणून हा शब्द मोजत नाही. घरी गेल्यावर एर्सिलियानं डोकं धरलं. नमस्कार न करता आत शिरायचं कसं, हे तिला कळेचना. इतक्या वर्षांची जीभ ती, आपोआप हलायची. शेवटी मिसाएलनं त्या दिवसाच्या दहा शब्दांतले चार खर्च केले. "तोंडात काहीतरी धरा, सुमर्से."

दुसऱ्या दिवसापासून ती गुळाचं गरम पाणी थर्मासमध्ये घेऊन यायची. दाराशी मोठा घोट भरायचा, गाल फुगवायचे आणि आत जायचं. आतलं काम होईपर्यंत पाणी तोंडातच. बाहेर आली की गिळायचं, आणि गिळलं की बोलायला सुरुवात. पिल्लू बाहेर आलं की त्याला दिवसातून सहा वेळा भरवायचं होतं, म्हणजे सहा घोट. मे महिन्याच्या सतराव्या दिवशी ते अंड्यातून बाहेर आलं. राखाडी, ओलं, म्हाताऱ्या न्यायाधीशासारखं रागीट तोंड. त्याला नाव द्यायचं नाही, नुसता नंबर द्यायचा, असा नियम होता. डॉक्टरीणबाईनं वहीत 'सात' लिहिलं. एर्सिलियानं खिडकीशी येऊन माझ्या कानात सांगितलं की आज संत पास्कुआलचा दिवस आहे. मी ते पोटात ठेवलं, कुणाला सांगितलं नाही.

बाहुली मिसाएलनं शिवली. खोगिराचं मऊ कातडं, लाल बटणांचे डोळे, वाकडी चोच. इतकी हुबेहूब की फिदेला ती बघून जाळीवर आपटली. त्या चोचीत एर्सिलिया सशाच्या मांसाचे बारीक तुकडे धरायची आणि पिल्लू ते ओढून घ्यायचं. ती मला रोज सांगायची की आज तो असा बसला, आज पिसात चोच घातली, आज माझ्या बोटाला, म्हणजे बाहुलीच्या बोटाला, म्हणजे बाहुलीला बोट नाही, पण तुम्हाला कळलं ना कोमाद्रे. आत न बोललेलं सगळं ती माझ्या खिडकीत ओतायची. तिकिटाला रांग लागली तरी तिचा तोंडाचा पट्टा थांबत नसे. घरीही तेच चाले, म्हणून मिसाएल रोज चर्चला जायला लागला. पाद्रीबाबांना वाटलं त्याला भक्ती सुचली.

एकदा मात्र माझा जीव टांगणीला लागला. डॉक्टरीणबाई शहरात गेली होती आणि तिच्या खोलीतल्या पडद्यावर, जिथं कॅमेऱ्यातून पिल्लू दिसायचं, तिथं नजर ठेवायला मला बसवलं होतं. पिल्लाच्या घशात हाड अडकलं. ते मान वाकडी करून तडफडायला लागलं. एर्सिलिया भोकाशेजारच्या फटीतून बघत होती. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती, मी इकडे बंद खोलीत किंचाळलेच. तिनं आवाज काढला नाही. बाहुलीची चोच त्या पिल्लाच्या घशात घातली, एकदा निसटली, दुसऱ्यांदा हाड धरलं आणि ओढून काढलं. बाहेर आली तेव्हा गाल तसेच फुगलेले होते. पाणी गिळायचंही ती विसरली होती. मी पाठीत धपाटा घातला तेव्हा गिळलं, आणि मग भिंतीला टेकून इतकी रडली की मला तिच्यासोबत बसावं लागलं. त्या पाण्यापायी तिच्या दोन दाढा किडल्या आणि काढाव्या लागल्या, तेही इथंच सांगून टाकते.

पिल्लू दोन महिन्यांचं झालं तेव्हा डॉक्टरीणबाईनं मला हाक मारली. पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय चाललंय. पिल्लू जेवण यायच्या वेळी भोकासमोर उभं राहिलं, मान खाली केली, वर केली आणि मग चोच उघडली. जेवण संपल्यावर पुन्हा मान खाली, वर. मी म्हटलं की काय झालं, नमस्कार करतोय. माझ्या तोंडून निघालं आणि मग माझ्या लक्षात आलं की कोंडोर नमस्कार करत नाहीत.

एर्सिलियाला बोलावलं. तिला आधी काही समजेना. तिनं एकही शब्द उच्चारला नव्हता, ती शपथेवर सांगत होती. मग डॉक्टरीणबाईनं तिला बाहुली हातात घालायला लावली आणि भोकातून हात आत घालायचं नाटक करायला सांगितलं. भोकाशी आल्याबरोबर बाहुलीनं मान लववली. एर्सिलिया आपल्या हाताकडे बघत राहिली. तोंडाला कुलूप लावलं होतं, पण नमस्कार तिच्या हाडांत होता. तोंड बंद झालं म्हणून तो हातातून बाहेर आला होता, दिवसातून बारा वेळा, दोन महिने.

डॉक्टरीणबाई चिडली, पण अट शब्दाची होती आणि शब्द गेला नव्हता. शिवाय दुसरा हात आणायचा कुठून. त्या दिवसापासून एर्सिलिया डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून भरवायला लागली. पिल्लू मात्र शिकलं ते शिकलं. समोर मान हलवणारं कुणी नसतानाही ते जेवायच्या आधी आणि नंतर मान लववत राहिलं. मला ते इतकं गोड वाटायचं की मी लपून बघायला जायची. डॉक्टरीणबाईला गोड वाटत नव्हतं. ती म्हणायची, ह्याला तुम्ही ह्याच भागातल्या माणसांची खूण शिकवली, बाई.

सहा महिन्यांनी पास्कुआलला, माझ्या तोंडून नाव गेलंच, डोंगराकडच्या मोठ्या पिंजऱ्यात हलवलं. तिथं मांस एका फळीआडून सरकायचं आणि एर्सिलियाला फक्त एका फटीतून बघायची परवानगी होती. त्याला पिसं आली, तपकिरी, आणि तुरा यायला लागला. पंख पसरले की इकडच्या खांबापासून तिकडच्या खांबापर्यंत. सोडायच्या आधी परीक्षा झाली. डॉक्टरीणबाई पातेलं बडवत आत गेली आणि तो फुत्कारत कोपऱ्यात पळाला. एर्सिलिया फटीशी उभी होती. तिनं आनंदानं मला इतक्या जोरात चिमटा काढला की महिनाभर वण होता.

पारामोवर सोडताना ह्या वेळी बँड नव्हता. दुरून दुर्बिणीतून बघितलं. त्यानं पेटीतून बाहेर पाऊल टाकलं, वारा घेतला आणि गेला. दोन आठवड्यांनी रानातला निरोप आला की तो बाकीच्या कोंडोरांबरोबर मेलेल्या गाईवर जेवताना दिसला. आधी मान लववतो म्हणे, आणि म्हातारे नर त्याला चोच मारत नाहीत, वाट देतात. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मनापासून हसली. एर्सिलियानं गावभर सांगितलं. त्या दिवशी गावात जेवढी माणसं होती त्या सगळ्यांना तिनं दोनदा सांगितलं.

आणि मग दोन महिन्यांनी बेलार्मिनो म्हाताऱ्याचा फोन आला. तो वर, पारामोच्या कडेला बटाटे लावतो. म्हणाला की आपलं पाखरू तीन-चार दिवसांपासून आमच्या कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसतं. पहिल्या दिवशी आलं तेव्हा मी टोपी काढून मान लववली, सवयीनं हो, तर त्यानंही लववली. आता रोज येतं, रोज थोडं जवळ. शेजारचे बघायला येतात. फार सभ्य आहे, आईनं चांगलं वळण लावलंय.

फोन मीच घेतला होता. मी तशीच डॉक्टरीणबाईकडे धावले. डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलं की आता दोनच वाटा. एकतर तो आजच्या आज माणसाला भ्यायला शिकेल, नाहीतर उद्या जाळं टाकून परत आणायचा आणि आईशेजारच्या पिंजऱ्यात आयुष्यभर ठेवायचा. कारण शेजारच्या वाडीत कुणाकडे पाव असेल आणि कुणाकडे दगड, हे कोण सांगणार. ती पातेलं घ्यायला वळली तर एर्सिलियानं आधीच उचललं होतं. म्हणाली, "मान लववायची सवय मी लावलीय. मीच मोडीन."

सोमवार होता, बाग बंद. आम्ही तिघी ट्रकमधून वर गेलो. अडीच तासांच्या वाटेत एर्सिलिया एक शब्द बोलली नाही आणि तिच्या तोंडात पाणीही नव्हतं. मी तिचा हात धरून बसले होते.

बेलार्मिनोच्या अंगणात पोचलो आणि पास्कुआल भिंतीवर होताच. बाप रे, केवढा झाला होता. गळ्याभोवती लोकरीसारखी पिसांची पट्टी यायला लागली होती. डॉक्टरीणबाईनं आम्हाला गोठ्याशी थांबवलं आणि एर्सिलिया एकटी पुढे गेली. जन्मल्यापासून त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्याला रोज पाहिलं होतं.

ती दहा पावलांवर थांबली. पास्कुआलनं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं सावकाश मान खाली केली आणि वर केली.

खरं सांगते, माझी मान माझ्या नकळत लवायला लागली. मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. बेलार्मिनोनं तर टोपी काढलीच, डॉक्टरीणबाईनं त्याच्या डोक्यावर ती परत आदळली. आमच्याकडे समोरच्यानं मान लववली आणि आपण लववली नाही, असं होत नाही. ज्याच्याशी वीस वर्षं कोर्टात भांडतोय त्यालाही लववतो. एर्सिलियानं तर आयुष्यात कुत्र्याचाही नमस्कार कधी टाकला नव्हता. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती.

त्यानं पुन्हा मान लववली. भिंतीवरून एक पाऊल तिच्याकडे सरकला.

तिची मान हलली नाही. तिनं पळी पातेल्यावर हाणली आणि तोंड उघडलं.

"चालता हो, पास्कुआल! चालता हो इथून, मेल्या! कोण तू माझा? कोण मी तुझी?"

तेरा महिने गिळलेलं सगळं बाहेर आलं. जिनं कोंबडीलाही सुमर्से म्हटलं, ती त्याला अरेतुरे करत होती, त्याला अशा शिव्या देत होती की त्यातल्या निम्म्या तिला येतात हे मला, तिच्या कोमाद्रेला, ठाऊक नव्हतं. पातेलं बडवत ती त्याच्या अंगावर धावली. माती उचलून फेकली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. पास्कुआल आधी गोंधळला. मग फुत्कारला, भिंतीवरून पलीकडे पडला, धडपडत उतारावरून पळाला आणि दरीच्या कडेला गेल्यावर पंख उघडले. वाऱ्यानं त्याला उचललं. तो वर गेला, आणखी वर गेला, धुक्याच्या कडेला एकदा काळा ठिपका दिसला आणि मग तोही गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

एर्सिलिया बटाट्याच्या वाफ्यात बसली. पातेल्याला पोचा पडला होता. मी धावत गेले आणि तिच्या शेजारी मातीतच बसले. तिचा आवाज पार बसला होता, तोंडाशी कान नेला तेव्हा ऐकू आलं. ती हसत होती.

"निरोपसुद्धा घेतला नाही, कोमाद्रे. मान लववली नाही. तसाच गेला."

"उद्धट कुठला," मी म्हटलं.

"उद्धट," ती म्हणाली आणि रुआनाच्या टोकानं नाक पुसलं. बेलार्मिनोच्या बायकोनं आम्हा सगळ्यांना बटाट्याचं सूप दिलं आणि डॉक्टरीणबाई तीन वाट्या प्यायली. जाळं ट्रकमध्येच राहिलं. तो पुन्हा त्या भिंतीवर आला नाही. अजूनपर्यंत कुणाच्याच भिंतीवर आलेला नाही, आणि ह्या गोष्टीला पाच वर्षं झाली. वरची माणसं सांगतात, माणूस दिसला की तो डोंगर बदलतो.

त्या संध्याकाळी परत आलो तेव्हा मला वाटलं एर्सिलिया घरी जाईल. ती गेली नाही. कोंडोरांच्या पिंजऱ्याशी गेली आणि फिदेला तिच्या पावलांनीच ओळखून जाळीशी आली, मोडका पंख ओढत, रोजच्यासारखी. एर्सिलियानं तिच्यासमोर मान लववली. आवाज उरला नव्हता, नुसती कुजबुज होती, पण फिदेलानं डोकं वाकडं करून नीट ऐकलं.

"आपलं पोर फार उद्धट निघालं, सुमर्से," एर्सिलिया तिला म्हणाली. मग ती तिथंच खाली बसली आणि पहिल्या घोटापासून सगळं सांगायला लागली.